दोघांच्या नावाचा फॉर्म

रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी माझा पीएफ जुन्या खात्यातच पडून होता. इकडे हिंदी मुलखात, सांगानेरला, कापड छपाईच्या कारखान्यात मी फिटर होतो. बायको मागे लागायची, "आता तिथल्या व्याजावर कर लागतो. काढा आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिकांच्या खात्यात टाका. करात सूट मिळते, तीन महिन्यांनी व्याज हातात येतं."

ती दहावी पास, मी सातवी नापास. कागद सगळे तीच बघायची. पोस्टातला फॉर्म तिनं आणला, भरला, दोघांचे फोटो चिकटवले, सही केली, माझी करून घेतली. खातं दोघांच्या नावाचं. मी म्हणालो, "नोकरी मी केली, तुझं नाव कशाला?"

"आणि पहाटे उठून डबा कोण देत होतं? तुमचा मालक?"

मी हसलो नाही. हसायला पाहिजे होतं.

पीएफ काढायचा अर्ज मी चार महिने लांबवला. आळस, दुसरं काही नाही. जानेवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत ती गेली. पैसे बँकेत आले ते महिनाभरानं.

मी तोच फॉर्म घेऊन प्रताप नगरच्या पोस्टात गेलो. काउंटरवरच्या बाईनं फोटो बघितले. "अंकलजी, जॉइंट है. माताजी को भी लाइए."

"गाँव गई है," मी म्हणालो.

मी तोंडावर बोलणारा माणूस. मालकाला त्याच्या पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, तुझी नवी मशीन भंगार आहे. पण त्या बाईसमोर खोटं बोललो, आणि परत येताना मला बरं वाटत होतं. जगात एका तरी माणसाच्या लेखी ती माहेरी गेली होती, दहा-पंधरा दिवसांत येणार होती.

पुढच्या आठवड्यात काही काम नसताना पुन्हा गेलो. बाईनं ओळखलं. "आईं क्या माताजी?"

"नहीं. भाई छोड़ता नहीं."

"झगड़ा करके तो नहीं गईं?"

"थोड़ा किया था," मी म्हणालो. ती हसली. मग आणखी दोनदा गेलो. घरी तर तिच्याबद्दल विचारणारं कुणीच नव्हतं. शेजाऱ्यांना माहीत होतं, ते माझ्यासमोर तिचा विषयच काढत नसत.

मार्चच्या शेवटी मुलीचा हैदराबादहून फोन आला. ती इथंच वाढली, मराठी अडखळत बोलते. "बाबा, मतलब, मार्च संपला की ह्या वर्षाची सूट गेली ना. आईवाला फॉर्म आता नाही चालणार. तुमच्या एकट्याचा भरा."

"मराठी धड येत नाही आणि मला कायदा शिकवते."

ती म्हणाली, "आई असती तर तिनं केलं असतं. आता तुम्हालाच करायला लागेल."

दुसऱ्या दिवशी गेलो. रांग मोठी होती. माझा नंबर आला तशी बाई म्हणाली, "आज भी अकेले?"

"मर गई. दो महीने हो गए. मैं झूठ बोलता था."

मला वाटलं, बाई ओरडेल. तिनं नवा फॉर्म काढला आणि मला न विचारता स्वतःच भरायला घेतला. खातं कसलं, तिथं तिनं 'एकल', म्हणजे एकट्याचं, यावर खूण केली. नॉमिनी विचारला तेव्हा मुलीचं नाव सांगितलं. मी सही केली.

चेक जमा झाला, पावती मिळाली. तरी मी भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसलो. काम झालं हे सांगायला घरी कुणी नव्हतं. रांग संपली, पंखे बंद झाले, बाईनं पर्स उचलली.

"अंकलजी, और कुछ काम है?"

"नहीं," मी म्हणालो आणि बसूनच राहिलो.