ज्यांच्या पिशव्या काढल्या त्यांनी मागं सरा

"ज्यांच्या पिशव्या काढल्यात त्या बायांनी मागं सरा. तुमाला काय करायचंय पॅडचं?"

डॉक्टर माइकवर असं बोलला आणि मांडवात हशा पिकला.

पाटोद्याच्या बाजारतळावर महिला आरोग्य शिबिर होतं. स्टेजच्या मागे भला मोठा बॅनर. त्यावर आमच्या भागाचे पुढारी, ज्यांना सगळे बापू म्हणतात, त्यांचा हात जोडलेला फोटो. निवडणूक जवळ आली की बापूंना आमच्या तब्येतीची काळजी लागते. एरवी आम्ही जगलो काय आणि मेलो काय. वाडीवाडीतून टेम्पो भरून बाया आणल्या होत्या. आमच्या वाडीचा टेम्पो मुकादमाने लावला होता. मुकादम म्हणजे दसरा झाला की आम्हाला ऊसतोडीला घेऊन जाणारा माणूस. मतदानाच्या दिवशी पण टेम्पो त्याचाच असतो.

तपासणी नावालाच झाली. एकीची नाडी धरली, एकीचं वजन केलं, संपलं. खरा कार्यक्रम पिशव्या वाटायचा होता. कापडी पिशवी, तिच्यावर बापूंचा तोच फोटो, आत पॅडचा पुडा, साबण आणि रक्तवाढीच्या गोळ्या. फोटोवाला खुर्चीवर चढून उभा होता. पिशव्या कमी पडल्या आणि बाया जास्त निघाल्या. तेव्हा डॉक्टरने हा तोडगा काढला. हा डॉक्टर म्हणजे बापूंचा भाचा. स्वतःचा दवाखाना आहे, तिथे पैसे घेऊन ऑपरेशनं करतो, आणि बापूंच्या प्रत्येक शिबिरात हाच असतो.

आमच्याकडे गर्भाशय असं कुणी म्हणत नाही. पिशवी म्हणतात. पिशवी खराब झाली, पिशवी काढली, पिशवी गेली. बाजारातून भाजी आणायची ती पण पिशवी आणि लेकरू वाढतं ती पण पिशवीच.

तर डॉक्टर बोलला आणि रांग मागे सरली.

मला वाटलं होतं, दोघी-तिघी सरतील. कुणी लाजेने उभीच राहील. कोण बघायला जातंय आत काय आहे आणि काय नाही? पण एकीनेही लपवलं नाही. हुकूम आला की ऐकायचं, हे अंगात मुरलेलं. म्हाताऱ्या सरल्या. माझ्या आईच्या वयाच्या सरल्या. मग माझ्या वयाच्या. माझी सासू माझ्या शेजारीच उभी होती, ती पण पदर सावरत सरली. काहीजणी तर तोंडाला पदर लावून हसत सरल्या. बाई हसली की तिला लागलं नाही असं समजायला लोक मोकळे.

बघता बघता रांगेचा पुढचा भाग रिकामा झाला. उरलो मी आणि चार-दोन नव्या नवऱ्या, ज्यांचा चुडा अजून हिरवागार होता.

डॉक्टरची नजर माझ्यावर पडली. माइक त्याच्या हातातच होता.

"तू कावून थांबलीस गं? तुझी सोमवारी काढायचीय की. सर मागं, आताच सवय कर."

परत हशा. या वेळी पुरुषांचा जास्त. आणि बापूंना राहवलं नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "आरं, असू द्या. हिला मोकळी पिशवी द्या. एक चाललीय तर एक घिऊन जाऊ द्या बिचारी."

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. गरिबाची बायको सगळ्यांची वहिनी, तिची चेष्टा कुणीही करावी. माझं अंग, माझं दुखणं, माझी तारीख, सगळं भोंग्यावरून गावभर गेलं. माझा नवरा दत्ता चहाच्या गाड्यापाशी गड्यांमध्ये उभा होता. तो हसला नाही. त्याने मान खाली घातली. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

कुणीतरी माझ्या हातात रिकामी पिशवी कोंबली. आणि मी मागे सरले. पाय आपोआप मागे गेले, ते पाय मला अजून आठवतात.

मागे जाताना मला माझी आई आठवत होती.

मी सात-आठ वर्षांची असेन. आईबाप ऊसतोडीवर, मी त्यांच्यासोबत कोपीत. उसाच्या पाचटाची झोपडी असते तिला कोपी म्हणतात. एक दिवस आईला दवाखान्यात नेलं. शेजारच्या कोपीतली बाई मला म्हणाली, "तुज्या आयची पिशवी काडली." मला वाटलं, आईची बाजाराची पिशवी कुणीतरी चोरली. निळ्या पट्ट्यांची होती, बंद शिवलेले. मी पळत कोपीत गेले. पिशवी मेढीला, कोपीच्या खांबाला, टांगलेली होती. मला लई आनंद झाला. आई परत आली, पोट धरून आडवी झाली. मी पिशवी तिच्यापुढे नाचवली आणि म्हणाले, "आय, पिशवी हाय! हितंच हाय! कुणी न्हेली न्हाई!"

आईने तोंड पाचटाकडे फिरवलं. मला वाटलं, झोपली.

आता मी सव्वीस वर्षांची होते, हातात बापूंची पिशवी होती, आणि सोमवारी माझा नंबर होता.

नंबर लागला कसा, ते पण सांगते. मागच्या हंगामात माझं ओटीपोट दुखायला लागलं. अंगावरून पांढरं जायचं, वास यायचा, ताप यायचा. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीचं फडकं चिखलाच्या पाण्यात धुऊन तेच परत घ्यायचं. हंगाम संपल्यावर या डॉक्टरकडे गेलो. त्याने मशीन फिरवलं, माझ्याकडे बघितलंही नाही, दत्ताकडे बघून म्हणाला, "पिशवी कुजलीय. ठेवली तर कॅन्सर. दोन लेकरं झाली ना? मग आता काय लोणचं घालायचंय का पिशवीचं?" आणि स्वतःच हसला. दत्ता पण कसनुसं हसला. डॉक्टर हसला की हसावं लागतं.

मुकादमाला आनंदच झाला. आमच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई एकटी म्हणजे अर्धा कोयता. पाळी आली, पोट दुखलं, बाई बसली की खाडा पडतो. "काडून टाक बाई," तो म्हणाला. "काडलेल्या बाईचा खाडा न्हाई पडत. बिनघोर काम." जणू बैलाच्या खुराला नाल ठोकायचा होता. सासू म्हणाली, "आमी काय मेलो का काडून?" कॅन्सर शब्दाने मी अर्धी मेलेच होते. मी पण हो म्हणाले.

मांडवाच्या मागे कनातीच्या सावलीला त्या सगळ्या बसल्या होत्या. मागे सरलेल्या. मी सासूपाशी जाऊन बसले. माझ्या दुसऱ्या बाजूला एक पोरगी होती, तलवाड्याची, पाटोद्याकडे दिलेली. माझ्यापेक्षा लहान. ओठ पांढरे पडलेले. मला बघून म्हणाली, "भिऊ नका अक्का. दुकत न्हाई जास्त."

मी विचारलं, "तुजी कावून काडली?"

"डॉक्टर मनला कॅन्सर व्हईल. लेकरं झालीत, आता लोनचं घालायचंय का मनला."

मी तिच्याजवळ सरकले.

"काय मनला?"

"लोनचं घालायचंय का पिशवीचं, असं."

पलीकडची बाई वळली. "व्हय की! मला बी हेच मनलता." तिच्यामागची म्हणाली, "मला बी. आमचे मालक लई हसलते." एकीचं झालं, दुसरीचं झालं. वाड्या वेगळ्या, जाती वेगळ्या, दुखणी वेगळी. कुणाचं पोट, कुणाची कंबर, एकीची तर नुसतीच पाळी मागेपुढे होत होती. पण लोणचं सगळ्यांना एकच. त्याने आमच्यातल्या एकीसाठी सुद्धा वेगळा शब्द शोधायची तसदी घेतली नव्हती.

माझी कुजलीय, हिची कुजलीय, तिची कुजलीय. अख्ख्या तालुक्यातल्या बायांच्याच पिशव्या कुजतात? स्टेजवरच्या बायांच्या कुजत नाहीत? बापूंच्या घरातल्या, डॉक्टरच्या घरातल्या बायांना कुणी लोणच्याचं विचारतं का?

मी सासूकडे वळले. "आत्याबाई, तुमाला?"

ती गुडघे दाबत होती. वर न बघता म्हणाली, "मला बी. मी हसले व्हते."

"मग दुकायचं थांबलं का?"

"पोट थांबलं," ती म्हणाली. "बाकीचं समदं सुरू झालं. अंगाची आग हुती, हाडं बोलत्यात, उसाची मोळी उचलना गेलीय. सांगायचं कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार."

इतक्या वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मला तिचा राग आला. मग तो राग तिच्यावरचा राहिला नाही. मी उठले.

डॉक्टर बापूंना भाषणाला बोलवत होता. "आपल्या माता-भगिनींचे खरे बंधू", असं काहीतरी चाललं होतं. मी सरळ स्टेजपाशी गेले आणि ती रिकामी पिशवी त्याच्या पायापाशी ठेवली. फोटो वर करून.

"सोमवारी मी येनार न्हाई," मी म्हणाले. "माजी पिशवी माज्यापाशीच ऱ्हाईल."

तो खाली वाकला. माइक बंद करायचा राहिला होता, किंवा ही रडेल आणि सगळ्यांना ऐकू जाईल म्हणून त्याने तो चालूच ठेवला असेल. "वेडी झालीस का? कॅन्सर होऊन मरशील."

"मरन तर मरन. डॉक्टर, मागं बसलेल्या समद्या बायांला तुमी लोनच्याचंच सांगितलं. एवढ्या पिशव्यांचं लोनचं घातलं तुमी. खाल्लं कुणी?"

ते शब्द भोंग्यातून गेले. कुणी हसलं नाही. मग कनातीमागून एक हसू आलं. मोठं, उघड्या तोंडाचं. माझी सासू हसत होती. बापू कडाडले, "कोन हाय रं ही? कुनाची हाय? बाजूला घ्या हिला." मुकादमाने माझा दंड धरला. मी झटकला.

टेम्पोत मला जागा मिळाली नाही. सासू टेम्पोतून उतरली आणि माझ्यासोबत चालायला लागली. दत्ता थोडं अंतर ठेवून मागून येत होता. घरी आल्यावर तो ओरडला. "तुला काय गरज व्हती? आता आपल्याला कोन कामाला न्हील?" त्याची भीती खोटी नव्हती. मुकादमाने आमची जागा दुसऱ्या कोयत्याला दिली. यंदा आम्ही तेलगावकडच्या रानांत पडेल ते काम केलं, कापूस वेचला, खुरपलं. काही दिवस चटणी-भाकरीवर काढले.

बीडच्या सरकारी दवाखान्यात मी सासूला घेऊन गेले. तिथली डॉक्टरीण गोड बोलणारी नव्हती. एवढे दिवस अंगावर काढलं म्हणून खेकसली. आत जंतू झालेत म्हणाली, गोळ्या दिल्या, दत्तासाठीही दिल्या, परत बोलावून तपासलं. पिशवी काढायची गोष्ट तिने काढली नाही. मीच विचारलं, तर म्हणाली, "कशाला? चांगली आहे की." ताप गेला. वास गेला. पोट अजून कधीमधी दुखतं. मी खोटं सांगणार नाही. पिशवी गेल्यापासून झिजलेली सासूची हाडं मात्र परत भरणार नाहीत, असं त्या डॉक्टरणीनेच सांगितलं.

बापू निवडून आले. डॉक्टरचा दवाखाना चालूच आहे. वाडीत काहीजण मला लोणचंवाली म्हणतात. म्हणू देत. कारण आता वाडीतल्या कुणा बाईला पिशवी खराब सांगितली की ती आधी माझ्या दारात येते. मी तिला एकच विचारते, लोणच्याचं बोलला का? ती हो म्हणाली की मी चप्पल पायात घालते आणि तिला बीडला घेऊन जाते. नवरे शिव्या देतात. मुकादम दम देतो. मी जाते.

परवा कळलं, आता झेडपीची निवडणूक लागलीय म्हणून बापूंचं शिबिर परत येतंय. या वेळी आमच्याच वाडीच्या पारापुढे. सासूने ऐकलं. विळीवर कांदा चिरत होती, थांबली.

"या टायमाला मी समद्यांच्या फुडं बसनार," ती म्हणाली. "काडलेल्या समद्या फुडं. सरा मनू दे कुनी."

तिच्या शेजारी मी बसणार आहे. पिशवी नको, साबण नको, गोळ्या नकोत. भोंगा सुरू झाला की मी तेच विचारणार आहे. खाल्लं कुणी? आणि उत्तर मिळाल्याशिवाय आमच्यातली एकही उठणार नाही.