काळाचौकीच्या करंजावरच्या गाठी

मुंबईला जायचं ते समुद्र बघायला, खरेदीला, नाहीतर कुणाच्या लग्नाला. पानांवरचे फोड बघायला पुण्याहून मुंबईला जाणारी मी आमच्या घराण्यातली पहिलीच, असं नवऱ्याने मी बॅग भरत असताना ऐकवलं. पुण्याहून पहिली असेन, पण या वेडात दुसरी. पहिला मान वहिनीचा. ही माझी भावजय गिरगावात राहते आणि औषधांच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून गळ्यात भिंग अडकवून फिरते. मला या नादाला तिनेच लावलं.

नाद म्हणजे झाडांवरच्या गाठी ओळखायच्या. एखादा कीटक किंवा त्याहून बारीक जीव कोवळ्या पानात शिरकाव करतो आणि झाड त्याच्याभोवती गाठ वाढवतं. आत पाहुण्याची राहण्या-जेवणाची फुकट सोय. इंग्रजीत याला गॉल म्हणतात, आम्ही साधं गाठ म्हणतो. झाड कोणतं ते ठरलं आणि गाठीचा आकार नीट बघितला, की आत कोण असेल याचा बराच अंदाज येतो. म्हणून तर आमच्यासारख्या हौशी मंडळींना हे झेपतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळची बस धरली आणि जेवणाच्या वेळेला दादरला उतरले. कुणाला असा बेत करायचा असेल तर हिवाळाच धरा. पानं जून झालेली असतात, गाठी पूर्ण वाढलेल्या असतात आणि मुंबईत चालताना जीव जात नाही. दादरहून टॅक्सी करायचा मोह मात्र आवरा. बेस्टच्या बसला पैसे किरकोळ लागतात, आणि सिग्नलला थांबली की खिडकीतून रस्त्याकडेची झाडं आरामात बघता येतात.

गिरगावात पहिली भेट सप्तपर्णीची. वहिनीच्या गल्लीच्या तोंडाशीच झाड आहे आणि त्याचं एक पान धड नाही. पानभर टपोऱ्या गाठी, काहींना भोक पडलेलं, म्हणजे आतला कीटक मोठा होऊन निघून गेलेला. आम्ही दोघी माना वर करून उभ्या राहिलेल्या बघून समोरच्या इस्त्रीवाल्याला राहवेना.

"काय हो, काय अडकलंय वर?"

वहिनीने एक पान आणि भिंग त्याच्या हातात दिलं. त्याने डोळा बारीक करून बघितलं. "याला तर पिंपल्स आलेत!" म्हणाला आणि इस्त्री थंड होईल म्हणून परत गेला. आजवर ऐकलेल्या व्याख्यांमध्ये ही मला सगळ्यात पसंत पडली.

रविवारी सकाळी लालबाग. तिथे उंबराच्या पानांवर हव्या तशा गाठी मिळाल्या, फोटो चांगले आले, आणि चिवड्याच्या दुकानांपुढून रिकाम्या हाताने जाणं मला जमत नसल्याने पिशवीही भरली. तिथून चालत काळाचौकीला. उन्हं वर यायच्या आत निघालात तर हा टप्पा सुखाचा आहे.

काळाचौकीत एका चाळीच्या फाटकातून करंज दिसला आणि वहिनी रस्त्यातच थांबली. पानापानावर हिरव्या बोटांसारख्या उभ्या गाठी होत्या. करंजावर त्या नेहमी दिसतात, पण इतक्या कधीच पाहिल्या नव्हत्या. झाडाखाली एक बाई पाचोळा गोळा करत होत्या. आत येऊ का विचारलं.

"या की. झाड आमच्या सासऱ्यांनी लावलंय," त्या म्हणाल्या. नाव सुलभाताई. दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि खिडकी उघडली की हेच झाड दिसतं.

पुढची दहा-पंधरा मिनिटं आमचं भान सुटलं. "शुभा, हे पान बघ! कसलं भरलंय!" "वहिनी, खालच्या फांदीवर तर जागाच नाही!" "एवढ्या गाठी असलेलं झाड मी जन्मात बघितलं नाही!" आम्ही एकमेकींना ओरडून सांगत होतो. गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली. चाळीच्या कमिटीचे परबकाका खाली उतरले.

"मॅडम, तुम्ही महापालिकेच्या काय?"

"नाही हो, आम्ही आपल्या हौशी."

"असू दे. ऐकलंस ना गं सुलभा? बाहेरच्या बायका येऊन सांगतायत, एवढं खराब झाड जन्मात बघितलं नाही. मी काय वेगळं बोलत होतो?"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. सुलभाताईंनी सांगितलं, गेल्या पावसात एक फांदी खालच्या गाड्यांवर पडली होती. तेव्हापासून झाडाला रोग आहे, तोडायला अर्ज करू, असं चाललं होतं आणि पुढच्या रविवारी त्यावर मीटिंग होती. झाड चांगलं आहे म्हणणाऱ्या सुलभाताई एकट्या. त्यांच्याच झाडाखाली उभं राहून आम्ही त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनी सावरायला गेली आणि आणखी फसली. "अहो, हा रोग नव्हे. आत माइट असतात, कोळ्याच्या जातीतले अगदी बारीक जीव," म्हणत तिने टाचणीने गाठ उघडून भिंगाखाली धरली. परबकाकांनी बराच वेळ निरखलं.

"हलतंय की! आत किडे आहेत!" ते गॅलरीकडे बघून ओरडले. वर एका बाईने लेकराला आत ओढलं.

"त्यांनी झाड मरत नाही. फांदी वाळकी असेल, म्हणून पडली. वाळक्या फांद्या तेवढ्या परवानगी काढून छाटून घ्या," वहिनी म्हणाली.

"लिहून देता?"

आमच्या लिहून देण्याला कोण विचारणार? सुलभाताईंनी मात्र आमच्यावर राग काढला नाही. उलट वर नेऊन चहा दिला, माझा नंबर घेतला. मला तो चहा गोड लागला नाही.

संध्याकाळच्या बसने पुण्याला परतले. फोटो उत्तम आले आहेत. खर्च बसभाडं आणि खाणं, बाकी काही नाही. जागा म्हणाल तर नक्की जाण्यासारख्या आहेत. पण कुणाच्या अंगणात उभं राहून कौतुक करण्याआधी तिथे काय चाललंय ते विचारा, एवढं मी शिकले. आठवडाभर फोटो उघडले की मला झाड दिसायच्या आधी सुलभाताईंचा चेहरा दिसत होता.

रविवारी रात्री त्यांचा फोन आला.

"ताई, झाड सध्या वाचलं. चैत्रातली नवी पालवी बघायची ठरलंय. स्वच्छ आली तर झाड राहणार, गाठी आल्या तर अर्ज करणार."

मला खोटी आशा लावायची नव्हती. म्हटलं, "सुलभाताई, गाठी परत येणारच. दरवर्षी येतात."

"ते मला माहितेय हो. तीस वर्षं बघतेय," त्या म्हणाल्या. "पालवी कधी बघायची ते कमिटीने माझ्यावर सोडलंय. फुटल्या फुटल्या स्वच्छ असते ना?"

"पहिला आठवडाभर तरी असतेच."

"बास. त्याच आठवड्यात सगळ्यांना खाली बोलावते."