निजवलेलं नमन

भुताटकी मी मानत नाही, आजही नाही. रत्नागिरीत नाचणे भागात माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. मशीन का बिघडलं, हे सांगण्यावरच माझं पोट चालतं. एक मशीन का चाललं, ते मात्र सांगता येत नाही... म्हणून लिहितोय.

२००७ची गोष्ट. बाबा घरच्या जुन्या पीसीवर, खेडकडच्या आमच्या वाडीचं नमन टाइप करत होते. शिमग्यात वाडी ते गाण्या-सोंगांसकट रात्रभर खेळते, आणि अख्खं पाठ असलेले एकटे बाबाच उरले होते. पण नमन अर्ध्यावर सोडायचं नाही, हा त्यांचा नेम. सेव्ह करून बंद करणं म्हणजे त्यांच्या लेखी सोडणंच. लाईट जायची वेळ झाली की म्हणायचे, "बंद नाय करायचा. निजवायचा त्याला."

म्हणजे हायबरनेट: उघडं काम तसंच डिस्कवर ठेवून मशीन बंद होतं, आणि उठलं की तिथूनच पुढे. आणि मशीनवर लिनक्स! निजायचं गुमान, उठताना काळा स्क्रीन... लिहिलेलं सगळं गायब. मी इंटरनेटवरचे लिनक्सवाल्यांचे फोरम पालथे घातले, लिनक्सचा गाभाच, म्हणजे कर्नल, बदलून पाहिला — शून्य. बाबा पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू.

"उठंल रे. दमलाय तो."

दमलो मी होतो. चोरून सेव्ह करावं, तर लाईट जाताना मी दुकानात.

एका दुपारी मशीन निजवून बाबा जेवायला बसले आणि ताटावरच गेले. दिवसकार्य झाल्यावर मशीन लावलं. काळा स्क्रीन. शेवटी डिस्क पुसून लिनक्स नव्याने टाकलं.

शिमगा जवळ आला तसा वाडीतून चुलतभावाचा फोन. "दादा, काकांनी लिवलेला काय गावला काय?"

"नाही रे," म्हटलं, आणि उगाच मशीन लावलं.

लॉगिन आलंच नाही. थेट बाबांचं नमन उघडलं. शेवटची आरती तेवढी राहिलेली, कर्सर तिथेच लुकलुकत होता.

त्या वर्षी वाडी नमन खेळली. पुसलेल्या डिस्कवरून असं उठणं अशक्य, असं फोरमवरचे सगळे म्हणाले. मीही तेच म्हणतो. कारण अजून सापडलेलं नाही.

एक गोष्ट मी फोरमवर लिहिली नव्हती. सेव्ह मी लगेच केलं नाही. कोपऱ्यातलं घड्याळ त्याच दुपारवर थांबलेलं होतं. कळ दाबली की ते आजच्या तारखेवर येणार, हे मला माहीत होतं. त्या घड्याळात बाबा अजून जेवायला बसायचे होते.

बराच वेळ मी कीबोर्डला हात लावला नाही.