आतोबा आणि बँकेची सोयरीक

ज्याच्याकडून आमच्या आतोबांनी उसने पैसे घेतले नाहीत असा माणूस हैदराबादेत अजून जन्मायचा आहे; आणि जन्मलाच, तर आतोबा त्याच्या बारशाला जाऊन पाळण्यातल्या आहेराच्या पाकिटावर बोलणी सुरू करतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बरकतपुऱ्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहून त्यांनी उधारीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती लोकांना रोखीला देता येत नाही. कोठी बाजारातला शिंपी, काचीगुड्याचे चहावाले पाशाभाई, सगळ्यांचे ते देणेकरी. न्हाव्याची बाकी तर इतकी, की गळ्याशी वस्तरा असतानाही तो पैशांचा विषय काढत नसे. गिऱ्हाईक दचकलं तर बाकी बुडायची! "उधारी नसली की माणूस रामराम करून निघून जातो," आतोबा म्हणत, "असली की थांबून तब्येत विचारतो."

आत्याला मात्र स्वतःचं घर हवं होतं, आणि त्याचं कारण होतं एक खिळा. घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नसे. त्यामुळे तिचं कॅलेंडर वर्षानुवर्षं खुर्चीवर बसलेलं आणि पाहुणे उभे. भिशा लावून लावून तिने पैसे जमवले आणि गृहकर्जासाठी आतोबांना बँकेत धाडलं, राखणीला मी. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये डोकावून स्वच्छ सांगितलं की अंकल, क्रेडिट कार्डाची थकबाकी तेवढी आधी मिटवा. स्कूटरचा हप्ता नीट चाललाय, तो चालू द्या. उरलेले पैसे घरासाठी हाताशी ठेवा आणि मग अर्ज करा.

"पोरगी लहान आहे," बाहेर येताच आतोबा म्हणाले. "कार्ड बँकेचं, कर्ज बँकेचं. घरातल्या घरात कसला हिशेब? अरे, मुलगी देताना आपण काय करतो? मुलाच्या गल्लीत जाऊन वाण्याला, न्हाव्याला विचारतो. इथे तर बँक लाखो रुपये द्यायला निघाली आहे. चौकशी होणार!"

आणि भिशीचे पैसे घेऊन ते गल्लीच्या गल्ली फेडत सुटले. हाहाकार उडाला. पाशाभाई नोटांना हात लावेनात. "क्या हुआ साब? हमसे कुछ गलती हुई क्या? शहर छोड़ के जा रे क्या?" शिंप्याला वाटलं, डॉक्टरांनी काहीतरी वाईट सांगितलंय; तो मोसंबी घेऊन घरी आला. न्हावी तर सरळ रडला. थकलेलं भाडं हातात पडताच घरमालकाने भिंतीला हात लावला. आपण स्वप्नात तर नाही ना, याची खात्री करायला.

मग आतोबांनी अर्ज केला. बँकेचा माणूस पत्ता तपासायला आला, तेव्हा वरपक्षाची मंडळी उभी राहावीत तशी सगळी गल्ली दारात. "हीरा आदमी है!" पाशाभाई न विचारताच ओरडले. त्या माणसाने दारावरच्या पाटीचा फोटो काढला, इथेच राहतात ना, एवढं विचारलं आणि चहासुद्धा न घेता गेला.

"पसंती आहे," आतोबा म्हणाले. "पसंत पडलं की लोक कमी बोलतात."

नकार मोबाइलवर आला. कारण, कार्डाची थकबाकी. आणि आता ती मिटवायला भिशीचे पैसेही उरले नव्हते. आत्याने तो वाचला, मोबाइल उपडा ठेवला आणि भाजी निवडायला बसली. ती भांडली असती तर आतोबांना बरं वाटलं असतं. ते उठले, अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरावी तसं कार्ड कातरलं. "आता आधी हेच," एवढंच म्हणाले. माझ्या आठवणीतलं त्यांचं सगळ्यात छोटं वाक्य.

ही बातमी घरमालकाकडे पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः हातोडी आणि खिळा घेऊन आला. "अम्मा, ठोक लो." आत्याने खिळा घेतला, भिंतीकडे बराच वेळ पाहिलं आणि तो मोहरीच्या डब्यात टाकला. "राहू दे," ती मला म्हणाली. "हा माझ्या भिंतीत ठोकीन."

हल्ली आतोबा दर महिन्याला कार्डाचे पैसे भरतात. गल्लीत कुणाचं एक पैशाचं देणं नाही, त्यामुळे येताजाता थांबून तब्येत विचारणारंही फारसं कुणी नाही. परवा मी गेलो, तर दारातच म्हणाले, "पन्नास रुपये आहेत का रे? उसने."

त्यांना गरज नव्हती, हे मला ठाऊक होतं. मी दिले. खुर्चीवर कॅलेंडर होतं, म्हणून उभाच राहिलो. पण बराच वेळ राहिलो.