नेट खाणारी भाडेकरू

बसमध्ये दुसऱ्याचा पाय आमच्या ताईच्या पायावर पडला, तरी 'माफ करा' ताईच म्हणणार. दूध नासलं तर हिचंच चुकलं, पाहुणा उशिरा आला तर हिनेच त्याला नीट वेळ सांगितली नसणार. मी धाकटी, माझ्या नाकावर राग. मी तिला म्हणते, "अगं, जगातल्या सगळ्या चुका तूच करायच्या म्हणालीस तर आम्ही बाकीच्यांनी करायचं काय?" ती हसते, आणि हसल्याबद्दलही जरा ओशाळते. तर या अशा ताईने एका बाईवर धडधडीत अन्याय केला, आणि तोही अगदी गोड बोलून.

ताईचं काम टायपिंगचं. दवाखान्यातले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर बोलून ठेवतात, ते ताई घरी बसून कानाला हेडफोन लावून ऐकते, टाइप करते आणि संध्याकाळी पाठवून देते. मागच्या खोलीत टेबल, त्याखाली कॉम्प्युटरचा मोठा डबा. दवाखान्याची एक अट आहे, की पेशंटची माहिती असल्यामुळे काम चालू असताना खोलीत मोबाइल नको. दुसरी कुणी असती तर मोबाइल उशीखाली सरकवून मोकळी झाली असती. ताई तो स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवते, शिवाय खोलीचं दार लावून घेते. अट घालणाऱ्यालाच लाज वाटावी इतकी अट पाळते.

भाऊजींचं निराळंच. त्यांनी सगळी नोकरी कापडाच्या एका मोठ्या दुकानात काचेमागची मांडणी करण्यात काढली. पुतळ्याच्या पाठीला टाचण्या असोत नाहीतर दोऱ्या, रस्त्यावरून दिसलं छान की झालं. आता रिटायर झाले तरी तोच नाद. घरात वायर दिसली की त्यांचा जीव खालीवर होतो. म्हणून तर पुढच्या खोलीतल्या राउटरपासून ताईच्या टेबलापर्यंत वायर ओढायची कधी सोयच नव्हती. जे काही यायचं ते हवेतून.

वरची खोली भाड्याने द्यायची ठरली, तेव्हा बघायला येणाऱ्या माणसावर छाप पडावी म्हणून भाऊजींनी अख्खं घर मांडून काढलं. आणि आली कोण, तर चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी एक बाई. दिवसभर लोकांच्या नजरेचं काम, त्यामुळे आम्ही तिला चष्मेवालीच म्हणायला लागलो. तिची चार वर्षांची मुलगी दुसऱ्या गावी आजीकडे. नेट भाड्यातच धरलेलं होतं. संध्याकाळी दुकानातून आली की ती फोन समोर ठेवून बसायची, आणि तिचं नि पोरीचं बोलणं, खिदळणं छतातून खाली यायचं.

नेमकी तीच ताईची काम पाठवायची वेळ. ती फाइल पाठवायला घ्यायची आणि पडद्यावर ते गोल फिरत बसायचं. फिरतंय, फिरतंय, आणि मग 'जमलं नाही'. एकदा एका पेशंटचे कागद सकाळपर्यंत पोचलेच नाहीत. दवाखान्यातून फोन आला, की पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. ताईचं धाबं दणाणलं. तिने राउटर बंद करून चालू केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, शेवटी नेटवाल्या कंपनीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, आमच्याकडून तर नीट येतंय. घरात वापरणारे किती जण आहेत?"

झालं. त्या एका प्रश्नाने सगळं ठरलं. चष्मेवाली आली आणि नेट गेलं, हे तर उघडच होतं. ताईने मला फोनवर सांगितलं, तर मीही तोंड उचलून म्हणाले, "मग काय, वरचीच खातेय सगळं. सांग तिला स्पष्ट." ताईला स्पष्ट कुठलं जमायला. ती बशीत फळं कापून घेऊन वर गेली. "लेकीशी बोलतेस ना, बोल हो, बोलायलाच हवं. फक्त मला तेव्हाच काम पाठवायचं असतं गं. नोकरीचा प्रश्न आहे." चष्मेवालीचा चेहरा एवढासा झाला. "हो ताई," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून वर सामसूम. नेट मात्र तसंच रडत होतं. आता कुणालाही वाटेल, की ताईला इथे शंका यावी. आली ना, पण भलतीच. तिला वाटलं ही आता कानात काहीतरी घालून गुपचूप वापरते. माझी ताई, जी मांजराला हाकलतानाही 'जा बाई' म्हणते, ती जिन्यात चष्मेवाली भेटली की मान फिरवायला लागली.

मग एका रविवारी संध्याकाळी मी गेले. नियम पाळायची मला मुळातच आवड नाही, त्यामुळे मोबाइल हातात घेऊनच तिच्या खोलीत शिरले. टेबलाशी बसून एक व्हिडिओ लावला, तर तो न अडखळता पळायला लागला. कॉम्प्युटरवर बघितलं तर रेंजची एकच कांडी, तीही मरतुकडी. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच नेटवर.

"ताई, नेट कुणी खात नाहीये," मी म्हटलं. "तुझ्या या डब्यालाच ते पकडता येत नाहीये."

मी टेबलाखाली शिरून डबा ओढला. भाऊजी धावत आले, "अगं हळू, मांडणी बिघडेल." डब्याच्या मागच्या बाजूला पेचाची दोन पितळी टोकं उघडी होती, त्यांना काहीच लावलेलं नव्हतं.

"भाऊजी, इथे काही होतं का?"

"त्या दोन काळ्या काड्या ना? भिंतीला टेकत होत्या, डबा आत सरकत नव्हता. काढून ठेवल्या." आणि ते गेले न् कपाटातून घेऊन आले, पातळ कागदात एकेक वेगळी गुंडाळलेली.

"कधी काढल्या?"

"वरची खोली बघायला ती बाई यायची होती ना, तेव्हाच. घर जरा बरं दिसावं म्हणून."

मी कपाळाला हात लावला. त्या काड्या म्हणजेच कॉम्प्युटरच्या अँटेना. फिरवून बसवल्या, डबा थोडा पुढे घेतला, आणि सगळ्या कांड्या भरल्या. अडकलेल्या फाइली भराभर गेल्या. मला हसू फुटलं. भाऊजींनाही फुटलं. ताईकडे बघितलं आणि आमचं दोघांचं हसू जागच्या जागी गेलं.

"मी तिला केवढं बोलले," ताई म्हणाली.

"कुठे काय बोललीस? फळं दिलीस."

"तेच तर. फळं देऊन बोलले. तिला उलटून बोलायलाही जागा ठेवली नाही." आणि ती उठून सरळ जिन्याकडे निघाली. ती पडेल की काय म्हणून मी मागोमाग गेले.

चष्मेवाली खाली बसून कपड्यांना इस्त्री करत होती. ताईने दारातच सगळं सांगून टाकलं. काड्या, भाऊजी, कंपनीचा माणूस, आपला संशय, जिन्यात फिरवलेली मानही. "मी फार वाईट वागले गं तुझ्याशी. आजपासून तू पाहिजे तेवढं वापर."

चष्मेवालीने इस्त्री उभी केली. "ताई, तुम्ही बोललात त्या दिवसापासून मी तुमचं नेट लावलंच नाही."

"मग लेकीशी?"

"माझ्या फोनात नेटचा पॅक नाही. दुकान बंद झालं की तिथेच बाहेर पायरीवर बसते. आतलं नेट तिथवर येतं. पण माझं काम संपलं तरी दुकान बंद व्हायला उशीर असतो, गिऱ्हाइकांसमोर बसता येत नाही, म्हणून मग फार वेळ नाही जमत."

ताई भिंतीला टेकली. मला वाटलं आता रडणार, पण ती म्हणाली, "आत्ता लाव. माझ्यासमोर लाव."

चष्मेवालीने फोन लावला. पडद्यावर आजी दिसली, मग दोन शेंड्या घातलेली पोर. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या गालावरचा वाळलेला घास दिसत होता. "पिल्लू, बघ, आज आई घरून बोलतेय. चल, आपण जेवायचं ना बरोबर?"

"मी जेवले," पोर म्हणाली. "आजीबरोबर." आणि ती पडद्यातून निघून गेली. आजी हाका मारत राहिली, "ये गं, आई आहे." पोर काही आली नाही. मागे कुठेतरी खेळण्याचा आवाज तेवढा येत होता.

"असू दे आई, खेळू दे तिला," चष्मेवालीने फोन ठेवला. मग आमच्याकडे बघून हसली, आणि ते हसणं बघवेना. "रोज माझ्यासमोर बसून जेवायची. मी इथे, ती तिथे. मी घास घेतला की ती घ्यायची. लहान आहे, विसरते."

ताईचे डोळे वाहायला लागले. उलट चष्मेवालीच उठून तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, तेव्हा मला ताईचा रागही आला आणि माझा स्वतःचाही. 'सांग तिला स्पष्ट' असं मीच तर म्हणाले होते.

"उद्या मी तुला आठवण करीन," ताई डोळे पुसत म्हणाली. "काम संपलं की सरळ घरी ये. तिच्या जेवणाच्या आधीच फोन लावू. किती वाजता जेवते गं ती?"

चष्मेवालीने इस्त्रीचं बटण बंद केलं.

"ते आता मला माहीत नाही, ताई."