दहावी ब आणि हळद लावलेली कोळंबी

संशय हा विज्ञानाचा पाया आहे. आमच्या परळच्या शाळेत हा पाया फार भक्कम होता. त्यावरचं बांधकाम तेवढं कुठे दिसत नव्हतं. मुख्याध्यापिकांचा शिक्षकांवर संशय, शिक्षकांचा मुलांवर, आणि मुलांचा प्रयोगशाळेतल्या बरण्यांवर.

मुलांचा संशय रास्त होता. दहावीला मी पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांची ओळख करून देत होतो, आणि बरण्यांतले सगळे प्राणी वर्षानुवर्षं फॉर्मालिनमध्ये बसून एकाच मळकट पिवळ्या रंगाचे झाले होते. जळू आणि गांडूळ यांच्यात फरक उरला होता तो फक्त चिठ्ठीचा, आणि चिठ्ठ्यांचीही कधीतरी बरण्या पुसताना अदलाबदल झाली असावी, असा माझा कयास होता.

"सर, हा प्राणी आहे की लोणचं?" मागच्या बाकावरून विचारणा झाली.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. वर्गातली बहुतेक मुलं लालबाग-परळ-वरळीच्या चाळींतली, किंवा चाळी पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरांतली, मूळची कोकणातली, काही कोळीवाड्यातली. ज्यांच्या घरी कोळंबी, चिंबोरीसारखे खेकडे, तिसऱ्यांसारखे शिंपले नेहमी येतात, त्यांना हे प्राणी बरणीत कशाला दाखवायचे? प्रत्येकाने घरून एखादा नमुना आणावा.

मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पार्टी आहे का सर?"

"प्रात्यक्षिक आहे, मॅडम. आणि मी मासे खात नाही."

"असं बरेच जण म्हणतात."

परवानगी मिळाली, पण अटीवर. एक जरी तक्रार आली, तर यापुढे हा धडा तक्त्यावरूनच, आणि कायमचा. तक्त्यावरचे प्राणी मुलं परीक्षेपुरते लक्षात ठेवतात, हे मी नोकरीभर पाहत आलो होतो. तक्त्यातला प्राणी उलटा करून बघता येत नाही. मला तो त्यांच्या हातात द्यायचा होता.

मी बुधवार निवडला. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी अर्ध्या वर्गाच्या घरी मासळी शिजत नाही, एवढं शाकाहारी माणसालाही कळतं.

बुधवारी टेबलावर स्टीलचे डबे मांडले गेले. मी पहिला उघडला. आत सोललेली कोळंबी होती. डोकं नाही, पाय नाहीत, कवच नाही. पाठीतला काळा दोराही काढलेला. वर हळद आणि मीठ. दुसऱ्या डब्यातही तेच. पुढच्यात आलं-लसूणही होतं. चिंबोऱ्यांचे दोन-दोन तुकडे, नांग्या वेगळ्या ठेचलेल्या. तिसऱ्यांचे शिंपले उघडून अर्धे केलेले, कालवणात सोडायला तयार. कवच, सांधे असलेले पाय, अशी जी लक्षणं मी फळ्यावर लिहिली होती, नेमकी तेवढीच घरोघरच्या आयांनी काढून टाकली होती.

"अरे, साफ कशाला केलीत?"

"मग काय तशीच आणू?" एक मुलगी खरोखर दुखावली. "आई बोलली, अशीच नेलीस तर सर म्हणतील, यांच्या घरात काही रीत आहे की नाही."

शेजारचा मुलगा आवाज खाली आणून म्हणाला, "सर, खरंच फक्त बघायचीय ना? आमच्या आजीला डाउट आहे."

नेमक्या याच वेळी मुख्याध्यापिका दारात आल्या. त्यांनी डबे पाहिले. हळद पाहिली. मग टेबलावर नेहमीच असणारा स्पिरिटचा दिवा पाहिला.

"तेल कोण आणतंय?" त्यांनी विचारलं.

मी खुलासा केला. तो जितका लांबला तितका खोटा वाटू लागला, मलाही.

तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी उठली. तिच्या घरी कांदासुद्धा चालत नाही. तिने दप्तरातून पिशवी काढली, तिच्यातून दुसरी, तिच्यातून तिसरी. आत एक अख्खी कोळंबी होती, मिशांसकट. सकाळी मैत्रिणीबरोबर बाजारात जाऊन आणलेली. घरी कुणाला पत्ता नव्हता, म्हणून ती साफही झाली नव्हती.

"मासेवाली मावशी पैसेच घेईना," ती म्हणाली. "एकाच कोलंबीचं काय औषध करतेस काय गो, असं विचारत होती."

सगळा वर्ग त्या एका कोळंबीवर ओणवा झाला. चालायचे पाय, पोहायचे पाय, देठावरचे डोळे. तिला उलटी केली, सरळ केली, पुन्हा उलटी केली.

"सर, हिचं हार्ट कुठंय?"

"डोक्याच्या मागे, त्याच कवचाखाली."

"च्यायला, ते तर आम्ही फेकतो."

मुख्याध्यापिका ओरडल्या नाहीत. त्याही वाकून मिशा बघत होत्या, आणि घंटा होईपर्यंत बघत राहिल्या.

तक्रार दुसऱ्या दिवशी आली, त्याच मुलीच्या घरून. वडील अतिशय सभ्य होते. मुलीने मासळीला हात लावला याबद्दल आपलं काहीच म्हणणं नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. फक्त दप्तराचा वास जात नव्हता, आणि प्रयोगशाळेत गॅस आहे का, एवढं त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मुख्याध्यापिका शब्दाच्या पक्क्या. तक्ता आला. त्याच्या अनावरणाला एक विश्वस्त आले, नारळ फुटला, निसर्गाच्या थेट सहवासाचं महत्त्व या विषयावर भाषण झालं. मंडळी चहाला गेल्यावर मी तक्ता जवळून पाहिला. त्यावरची कोळंबी लालभडक आहे. कोळंबी शिजल्यावर लाल होते.