नंदीचा भार

देवावर माझा विश्वास होता की नव्हता, हे त्या दिवसापर्यंत मलाही नीट सांगता आलं नसतं. मी नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि ते घडलं माझ्या आक्कामुळे. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, शेतात राबून शाळेत धाडलं. निजामी संपून काही वर्षं झाली होती, नव्या शाळा निघत होत्या, मला मास्तरकी मिळाली. नमस्कार मी करत असे, पण तो सवयीचा होता.

आक्काला पाथरीजवळच्या गावी दिलेलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी निरोप आला, आक्का बाळंतपणात अडली आहे. मी पोचलो तेव्हा सुईणीने हात टेकले होते. परभणीच्या दवाखान्यात न्या, एवढंच ती सांगत होती. नशिबाने जिनिंग कारखान्याची एक पिकअप गाडी सरकीची पोती घेऊन गावात आलेली होती. ड्रायव्हर उस्मानभाई हैदराबादेकडचे, आमच्या भागात नवे. त्यांनी एका शब्दात होकार दिला.

पाऊस सकाळपासून धरून होता. आम्ही सगळ्यांनी आधी काय केलं असेल, तर गाडी रिकामी केली. आमच्याकडे बैलगाडी रुतली की पहिल्यांदा ओझं उतरवतात. गाडी हलकी तर वाट सोपी, हे लहान पोरालाही ठाऊक. झाडून सगळी पोती उतरवली. केबिनच्या पाठीला गोधड्या अंथरून आक्काला निजवलं, वर ताडपत्री बांधली. दाजी आणि सुईण तिच्याजवळ बसले, मी पुढे.

गावाबाहेर पडलो आणि गाडी जागच्या जागी नाचू लागली. तिचं इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि मागे भार म्हणून काहीच नाही. चाकं भिरभिर फिरत, चिखल उडवत, पण माती धरत नव्हती. आम्ही उतरून ढकललं, चाकांखाली तुराट्या घातल्या, टायरांना कासरे गुंडाळले; ते तुटले. थोडं पुढे जावं, पुन्हा घसरावं, असं करत सडकेवर आलो. तिथेही पावसाने मुरमाचा राडा झालेला. वाटेतलं मानवत गाव मागे टाकायलाच दुपार कलली. ताडपत्रीखालून येणारा आक्काचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता. मी पुढे पळत होतो, मागे येत होतो. हात जोडावेसे वाटत होते, पण कोणापुढे, ते कळत नव्हतं.

एका वळणावर आडवी बैलगाडी दिसली. तिचा आख मोडला होता. वर दगडाचा नंदी, आणि दोन माणसं त्याला खांद्याने तोलून धरून उभी. शेजारी एक म्हातारे गुरव भिजत होते. नंदी सोनपेठच्या पाथरवटाने घडवलेला, पोळ्याला त्यांच्या गावच्या महादेवापुढे बसायचा होता. निघालेला नंदी वाटेत भुईला टेकवायचा नाही आणि माघारी फिरवायचा नाही, अशी त्यांची रीत. ते आमच्या गाडीत जागा मागत होते.

उस्मानभाई वैतागले. "बाबा, हमारी गाडी पहलेच पत्थर होके बैठी है. तुमे दूसरा पत्थर ला रे?"

मीही नाहीच म्हणणार होतो. तेवढ्यात आक्का आतून म्हणाली, "घे रे बापू. आपल्यावानीच अडलाय त्यो. न्हाई म्हनू नको."

तिचं शेवटचं मागणं असेल, या भीतीने मी ऐकलं. आमची गाडी ढकलत मागून बैलगाडीला भिडवली, फळ्या लावल्या, दोर ओढले, गुरवही वर चढले. नंदी मागच्या चाकांवर येऊन बसला, गाडी मागे खचली. आता संपलं, असं मला वाटलं. उस्मानभाईंनी गियर टाकला. चाकं एकदा फिरली, मातीत रुतली आणि गाडी सरळ चालू लागली. उस्मानभाई हळूच "या अल्लाह" म्हणाले.

पण नंदीच्या गावाचा फाटा परभणीच्या अलीकडे होता. तिथे त्या गावचे दोघंजण नंदीला न्यायला दुसरी बैलगाडी घेऊन उभे होते. पुढे ओढ्याचा घसरडा चढ. भोवती सगळं काळ्या मातीचं रान, भाराला घालायला दगडही सापडत नाही. उस्मानभाईंनी गाडी थांबवली आणि गुरवांकडे पाहिलं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं; मागणं तोंडातून फुटेना. फाटा ओलांडून पुढे जायचं म्हणजे नंदीला माघारी आणायचं, आणि गावाला जाब गुरवांनी द्यायचा. त्यांनी ताडपत्री उचलून आक्काकडे एकवार पाहिलं.

"हाका गाडी," ते म्हणाले. "गावाचं मी बगतो."

दवाखान्यात पोचलो. नंदी रात्रभर गाडीतच होता, गुरव त्याच्याजवळ बसून. उजाडता उजाडता आक्का सुटली, मुलगी झाली. अजून थोडा उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

त्याच सकाळी आम्ही नंदीला पोचवायला निघालो. वेशीत सजवलेले बैल आणि सगळं गाव ताटकळत होतं. पाटलांनी रागाने विचारलं, नंदी माघारी कसा आणला? गुरव शांतपणे म्हणाले, "माघारी न्हाई आला, पाटील. लेकीला पोचवून घरी आलाय." पाटलांनी स्वतः पुढे होऊन नंदीला खांदा दिला.

गाडी का चालली, हे मी आज वर्गात मुलांना समजावू शकतो. पण त्या दिवशी आम्ही जे जे जड ते उतरवत सुटलो होतो, आणि मदत आली ती ओझं होऊन. ती ओळखली आक्काने, मी नाही. आजही कधीकधी माझं मन फार तगमगतं. तेव्हा मी हात जोडतो, आणि समोर येईल तो भार घेतो.